मदत हवी आहे : १५ एचपी आउटबोर्ड रेस दिली की घुसमटतं

दर्यावेडा
नमस्कार मंडळी. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, नीट चालत नाहीये. सुरू होतं, पण मिस करतं, गचके देतं आणि रेस वाढवली की घुसमटून बंद पडतं. प्लग नवे टाकले, पेट्रोल ताजं आहे, मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून साफ केलाय. तरी तेच. रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडायचंय, त्यामुळे जरा लवकर सांगा. कार्बोरेटर पुन्हा खोलू की सरळ कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) बदलू?

खारा_वारा
टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? सिलिंडर किती? किती दिवस बंद होतं? सुरू झाल्या झाल्या मिस करतं की थोडं चालल्यावर? एवढं तरी लिहा हो, नाहीतर आम्ही नुसते अंदाज करणार.

दर्यावेडा
टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. बरेच महिने बंद होतं. कॉइलचं सांगा ना.

पान्हा_दहा_अकरा
कॉइल राहू द्या, कार्बोरेटरच आहे. 'साफ केला' म्हणजे नक्की काय केलं ते मेकॅनिकला विचारा. बरेच जण फ्लोटची वाटी काढतात, स्प्रे मारतात आणि पुन्हा बसवतात. महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल सुकलं की जेटमध्ये चिकट थर धरतो, तो नुसत्या फवाऱ्याने जात नाही. पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी, बाहेर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. अर्धवट दिसत असेल तर तांब्याच्या वायरीचा एक बारीक तंतू घालून मोकळं करा. पोलादी तार अजिबात नको, भोक मोठं होतं आणि मग मिक्श्चर कधीच जुळत नाही.

वल्हेवाला
ऑइल किती टाकता? मी १००:१ वर (पेट्रोल १००, ऑइल १) चालवतो, प्लग कधी काळे पडत नाहीत. जास्त ऑइलनेच मिसिंग येतं.

दर्यावेडा
५०:१. लिटरला २० मिली. पुस्तिकेत तेच लिहिलंय.

खारा_वारा
@वल्हेवाला, असा सल्ला देऊ नका. १००:१ काही ठरावीक मशिनांसाठीच असतं, तेही कंपनीने लिहिलं असेल तर. ५०:१च्या मशीनमध्ये निम्मं ऑइल टाकलं तर बेअरिंग आणि पिस्टन दोन्ही जातील. दर्यावेडा, तुमचं बरोबर आहे, बदलू नका. फक्त ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, आहे ना ते पाहा. मोटरसायकलचं टू-टी ऑइल एअर-कूल्ड इंजिनासाठी असतं, आउटबोर्डला ते चालत नाही.

वल्हेवाला
माझं मशीन कित्येक वर्षं उत्तम चालतंय. अनुभवाचं सांगतोय, पुस्तकातलं नाही.

निळं_पाणी
प्रोपेलरच्या पंख्याच्या आतलं रबर सुटलं असेल. माझं असंच झालं होतं. रेस दिली तरी बोट पुढे जाईना.

खारा_वारा
पंख्याचं रबर घसरलं तर इंजिनाचा आवाज चढतो आणि बोट जागच्या जागी राहते. यांच्याकडे इंजिनच खाली बसतंय. लक्षण उलटं आहे.

शिडाची_बोट
खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने फ्लश करत जा, इम्पेलरही (थंड करणारं पाणी ओढणारं रबरी चक्र) दरवर्षी बदला. बाजूने पाण्याची धार जोरात यायला हवी. पाण्याशिवाय मशीन क्षणभरही चालवू नका, इम्पेलरचं रबर कोरडं फिरलं की जळतं.

दर्यावेडा
धार व्यवस्थित आहे हो. तो प्रश्नच नाही. आणि एक, घरी पाण्याच्या पिंपात लावून चालवलं तर मशीन एकदम छान चालतं. म्हणूनच मेकॅनिक म्हणतो की त्याच्याकडून काम झालंय. पाण्यात नेलं की मग रडायला लागतं.

पाणघोडा
हे आधी सांगायला हवं होतं! दोन प्रश्न. पिंपात चालवताना पेट्रोलची टाकी कुठे असते आणि बोटीत कुठे असते? आणि मशीन बसायला लागलं की पेट्रोलच्या नळीतला, हाताने दाबायचा रबरी बल्ब कडक असतो, मऊ असतो की चपटा होतो?

दर्यावेडा
पिंपाशेजारी टेबल आहे, टाकी त्यावर ठेवतो. बोटीत तळाशी, पायाजवळ. बल्ब कधी दाबून पाहिला नाही. टाकीने काय फरक पडतो?

पाणघोडा
सगळा फरक तिथेच पडतो. टेबलावर टाकी उंच असते, पेट्रोल आपोआप खाली येतं. बोटीत टाकी मशीनपेक्षा खाली असते, त्यामुळे फ्युएल पंपाला ते वर ओढावं लागतं. वाटेत कुठे बारीकशी फट असेल तर पंप पेट्रोलबरोबर हवाही ओढतो. उंचावरच्या टाकीत हा दोष झाकला जातो, फार तर त्या फटीतून पेट्रोल पाझरतं. शिवाय पिंपात लोड नसतो, त्यामुळे पेट्रोलही कमी लागतं.

आता पाण्यात एकदा असं करा. रेस देऊन मशीन बसायला लागलं की बरोबरच्या माणसाला बल्ब सारखा दाबत राहायला सांगा. मशीन सावरलं तर टाकीपासून पंपापर्यंतच कुठेतरी दोष आहे, कॉइलला हात लावायची गरज नाही. सावरलं नाही तर पुढचं बघू. बल्ब चपटा होत असेल तर त्याच्या अलीकडे काहीतरी तुंबलंय किंवा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे. मऊच राहत असेल तर हवा शिरतेय. बल्बवरचा बाण मशीनकडे आहे ना, तेही पाहा.

पान्हा_दहा_अकरा
फ्युएल पंपाचा पडदाही फाटलेला असू शकतो. त्यातही बल्ब दाबल्यावर मशीन सावरतं.

पाणघोडा
बरोबर. पण आधी फुकटात तपासता येतं ते तपासू. बल्ब आणि मशीन यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडा. बुडबुडे दिसले तर हवा त्या नळीच्या अलीकडूनच येतेय. बुडबुडे नसतील तर पडद्याकडे वळा.

वल्हेवाला
एवढी कटकट करण्यापेक्षा इलेक्ट्रिक मोटर घ्या. ना ऑइल, ना कार्बोरेटर.

दर्यावेडा
बल्ब मऊ होता. मुलगा दाबत राहिला तोवर मशीन पूर्ण रेसवर चाललं, थांबला की पुन्हा घुसमटलं. नळीचा तुकडाही लावला, बुडबुड्यांची रांगच दिसली. झाकणाचा स्क्रू उघडा आहे. म्हणजे रविवारी बल्ब दाबत दाबत जाता येईल ना? आणि ही हवा येते कुठून?

खारा_वारा
मुळीच जाऊ नका! टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, वर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिक्श्चरची उष्णता. पूर्ण रेसवर असं चाललं तर पिस्टन धरतो (जाम होतो) आणि तुम्ही मुलांसह किनाऱ्यापासून लांब अडकाल. आधी दुरुस्ती.

पाणघोडा
खारा_वारा म्हणतात ते शंभर टक्के. हवा बहुतेक कनेक्टरमधून शिरते. टाकीकडचं कनेक्टर काढा, आतली ओ-रिंग सुईने उचलून नखावर ताणून बघा. टाकी उंच ठेवून सगळ्या जोडांवर कोरडा पांढरा कागद फिरवा, कुठे ओला होतो ते कळेल. क्लॅम्प तपासा, टाकीच्या आतली ओढनळीही तडकलेली असते कधीकधी. हे काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचून राहते.

दर्यावेडा
सापडलं! टाकीकडच्या कनेक्टरपाशी कागद ओला झाला. ओ-रिंग एका बाजूने पार चपटी झालीय, ताणल्यावर तीन ठिकाणी भेगा उघडल्या. दोन्हीकडच्या ओ-रिंग आणि क्लॅम्प बदलले. पाण्यात नेऊन आणलं. बुडबुडे बंद, बल्ब कडक, पूर्ण रेसवर एकदाही अडखळलं नाही. पाणघोडा, खारा_वारा, मनापासून आभार. फक्त न्यूट्रलला अजून किंचित थरथरतं.

पान्हा_दहा_अकरा
ते पायलट जेटच. मी पहिल्या प्रतिसादातच सांगितलं होतं.

खारा_वारा
जेट पाहाच, पण त्याआधी दोन्ही प्लग काढून बघा. एक चॉकलेटी आणि दुसरा पांढुरका असेल तर एक सिलिंडर अजून लीन चालतंय. इतके दिवस हवा ओढलीय, तेव्हा कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजा. दोन्हींत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

दर्यावेडा
दोन्ही प्लग सारखेच, फिकट चॉकलेटी. कॉम्प्रेशनही जवळपास सारखं आलं. जेट शनिवारी खोलतो.

निळं_पाणी
माझं ५ एचपी पण दहा मिनिटांनी बंद पडतं. टाकी मशीनवरचीच आहे, बल्ब नाही. काय करू?

पाणघोडा
नवा धागा काढा. पण त्याआधी, मशीन बंद पडलं की टाकीचं झाकण सैल करून पुन्हा सुरू करा. लगेच सुरू झालं तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय.