स्मूदनिंग बंद केलंय, मूळचे कुरळे केस परत हवेत. मधला काळ कसा काढायचा?

जास्वंदी

केस मुळात कुरळे. पाच वर्षांत तीनदा स्मूदनिंग झालं आहे, शेवटचं नऊ महिन्यांपूर्वी. आता कायमचं बंद. मुळाकडून साधारण १० सेंमी नवा कुरळा केस आला आहे आणि त्याखाली ३० सेंमी सरळ. धुतले की वरचा भाग आक्रसून फुगतो आणि खाली दोरे लोंबतात. विंचरताना जे केस हातात येतात ते लांबच लांब आहेत, पण बऱ्याच केसांच्या टोकाला मुळाचा पांढरा ठिपका नाही.

प्रश्न असे :
१. एकदम कापावेत की थोडे थोडे?
२. खालचा सरळ भाग तेल, दही, अंडं वगैरे लावून पुन्हा कुरळा होतो का?
३. पार्लरमध्ये दोन सल्ले मिळाले : नव्या मुळांना केराटिन करा (द्रव आणि इस्त्रीने काही महिन्यांपुरते सरळ), नाहीतर खालच्या भागाला पर्म करा (रसायनाने कुरळे). यातलं काही करावं का?
४. दोन महिन्यांनी घरात लग्न आहे. तोवर हे दोन तऱ्हेचे केस एकसारखे कसे दाखवायचे?

पुण्यात राहते, सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं.

लिटमस

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. नाही होणार. स्मूदनिंग आणि रिबॉन्डिंगच्या पहिल्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं. मग इस्त्रीने केस सरळ ओढतात आणि दुसरं क्रीम, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं न्यूट्रलायझर, ते बंध नव्या जागी पक्के करतं. टाळूबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे तो स्वतःहून जुन्या वळणावर जात नाही. दही-अंड्यातलं प्रथिन आकाराने इतकं मोठं असतं की केसात शिरतच नाही. वरून थोडा मऊपणा येतो, पुढच्या धुण्यात जातो.

एक खात्री करून घ्या. पार्लरमध्ये नावं कशालाही काहीही देतात. एक क्रीम, मग धुणं, वाळवणं, इस्त्री, त्यावर दुसरं क्रीम आणि पुन्हा धुणं, असा क्रम झाला असेल तर ते कायमचं. एकच द्रव लावून वाळवून इस्त्री केली आणि 'तीन दिवस धुऊ नका' म्हणून सांगितलं असेल तर ते केराटिन, जे साधारण तीन ते पाच महिन्यांत उतरतं. तुमचं नऊ महिन्यांनंतरही सरळ आहे, म्हणजे पहिल्या प्रकारचंच.

पर्म नको. त्यातही बहुतेक वेळा थायोग्लायकोलेटच असतं. तीनदा तुटून जोडलेले बंध चौथ्यांदा तोडायचे, तर केस ओला असताना च्युइंगगमसारखा ताणला जातो आणि तुटतो. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक जोड : आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसांसाठी तिकडे जो रिलॅक्सर वापरतात, त्यात बहुधा सोडियम किंवा ग्वानिडीन हायड्रॉक्साइड असतं. ते बंध तोडून पुन्हा जोडत नाही, त्यांची रचनाच बदलून टाकतं. त्या केसावर पर्म धरत नाही, आणि थायोवर हायड्रॉक्साइड किंवा हायड्रॉक्साइडवर थायो पडलं तर केस मुळापाशी तुटू शकतात. पार्लर बदललं तर आधी काय झालंय ते स्पष्ट सांगा.

नव्या मुळांना केराटिन करणं म्हणजे जे मिळवायचंय तेच खर्ची घालणं. इस्त्री २०० अंशांच्या वर असते आणि एका बटेवरून अनेकदा फिरते, तेवढ्या उष्णतेने कुरळेपणा कायमचा सैल पडू शकतो. काही द्रवांतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं. 'फॉर्माल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं, आणि ते असलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णाची नोंद २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली आहे.

फणी-करंडा

पांढरा ठिपका नसलेला लांब केस म्हणजे गळलेला नव्हे, तुटलेला केस. आणि तो तुटतोय सांध्यावर, जिथे कुरळा संपून सरळ सुरू होतो तिथे. (ठिपक्यासकट रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे, त्याची काळजी नको.) वरचा भाग स्प्रिंगसारखा आखडतो, खालचा ताठ राहतो, आणि कंगव्याचा सगळा ओढा त्या एका बिंदूवर येतो. ओला केस कोरड्यापेक्षा कमकुवत, म्हणून धुण्याचा दिवस सगळ्यात धोक्याचा.

धुण्याआधी एक-दोन तास, किंवा आदल्या रात्री, दोन चहाचे चमचे खोबरेल सांध्यापासून खाली लावा. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना प्रथिन कमी जातं. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली, त्यात तिघांपैकी फक्त खोबरेलाने हा फरक पडला. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवूनच वाचायचं, पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे. कोंडा असेल तर टाळूला तेल नको, कोंड्याची बुरशी त्यावरच पोसते.

केसांचे चार भाग करून चिमटे लावा. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत, सांध्यावरच्या गाठी तिथेच बसतात. मग एकेका भागाला भरपूर कंडिशनर. तुमच्या लांबीला एकूण तीन मोठे चमचे तरी लागेल, सॅशेतलं एवढंसं पुरणार नाही. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा, टोकाकडून वर वर येत. हे करताना दुसऱ्या हाताने बट सांध्याच्या वर घट्ट धरायची. ओढा मुठीवर येतो, सांध्यावर नाही. फरक पहिल्याच धुण्यात मोरीच्या जाळीवर दिसेल. सोडवलेल्या भागाला सैल पीळ घालून बाजूला ठेवा आणि पीळ न मोडता धुऊन काढा.

टॉवेलने घासू नका, जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपा. नंतर कोरडे केस विंचरायचे नाहीत. रबरबँड नेमका सांध्यावर येत नाही ना हे पाहा, आणि रोज त्याच जागी बांधू नका.

तिरफळ

कापण्याचं गणित मांडते. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंमी वाढतात. दर दोन महिन्यांनी ३ सेंमी कापलं तर लांबी जवळपास तेवढीच राहते आणि सरळ भाग कमी होत जातो. ३० सेंमीला दहा वेळा, म्हणजे वीस महिने. वीस महिने सांधा सांभाळणं फार होतं, आणि तुमचा तर आत्ताच तुटतोय.

सगळं आत्ताच कापलं तर १० सेंमी उरेल, पण ती ओढून मोजलेली लांबी. वाळल्यावर ६-७ सेंमी दिसेल, कानाच्या वर. मानसिक तयारी असेल तर सर्वांत सोपा मार्ग हाच.

माझं मत मधल्या वाटेचं. लग्न झालं की वीसेक सेंमी एकदम उतरवा. तोवर वर १२ सेंमी कुरळा झालेला असेल, खाली १० सेंमी सरळ उरेल. तेवढं पुढच्या सहा-सात महिन्यांत तीन वेळा कापून संपतं, आणि कमी लांबीमुळे सांध्यावरचं ओझंही लगेच घटतं.

शेवटचं कापताना केसांवर पाणी फवारून घ्यायला सांगा. ओल्यातच वळण कुठे संपतं ते नीट दिसतं. सांध्यावर नाही, त्याच्या अर्धा सेंमी वर, कुरळ्या बाजूला कात्री लावायची. जरा जरी सरळ राहिलं तर प्रत्येक बटेला ताठ शेपूट राहते. सगळीकडे एकाच पातळीवर कापूनही चालत नाही : माथ्यावर, कानशिलांपाशी आणि मानेवर सांधा वेगवेगळ्या उंचीवर असतो. बट बट बघून कापायला तयार नसेल त्या पार्लरमध्ये जाऊच नका.

आता लग्न. सरळ केस कुरळ्यासारखा दाखवायचा, उलट नाही, नाहीतर रोज इस्त्री आली. आदल्या रात्री केस धुऊन ऐंशी-नव्वद टक्के वाळवा. पूर्ण ओल्या केसांची वेणी सकाळपर्यंत आतून वाळत नाही आणि सोडल्यावर सपाट पडते. आठ-दहा भाग करा, प्रत्येकाला थोडं जेल लावून टाळूपासून ५ सेंमी सोडून पेड किंवा पीळ सुरू करा. टोकं तशीच सोडली तर झाडूसारखी दिसतात, म्हणून शेवटचे १० सेंमी फ्लेक्सी रॉडवर (केस गुंडाळायची वाकणारी कांडी) किंवा सुती चिंधीवर गुंडाळून बांधा. सकाळी हाताला थेंबभर तेल लावून सोडा, कंगवा लावू नका. ही तालीम दोन आठवडे आधी एकदा करून बघा. जेल किती लागतं ते हातालाच कळतं.

अंबाडा घालणार असाल तर सैल, मानेवर. गजरा चालेल, गंगावन नको. त्याचं सगळं वजन सांध्यावरच लोंबतं. घट्ट सागरवेणीने कानशिलांवरचे केस ओढले जातात, तेही टाळा.

लिटमस

पाण्याचं राहिलं. नळाच्या तोंडाला पांढरा थर येतो आणि साबणाला फेस कमी होतो, म्हणजे पाणी जड. त्यातले क्षार स्मूदनिंग झालेल्या सच्छिद्र केसावर जास्त बसतात आणि केस काथ्यासारखा लागतो. तीन-चार आठवड्यांनी एकदा, घटकांत ईडीटीए (क्षार धरून काढणारं रसायन) असलेला शाम्पू लावून तीन मिनिटं ठेवा, नंतर कंडिशनर. दर वेळी शेवटचे दोन लिटर फिल्टरचं पाणी घेतलंत तरी फरक पडतो. व्हिनेगरचं पाणी (लिटरला एक मोठा चमचा) चमक देतं, साचलेले क्षार मात्र त्याने फारसे निघत नाहीत.

प्रथिनाचा मास्क हवा का, हे एक ओला केस ताणून कळतं. थोडा लांबून परत आला तर ठीक. लांबतच गेला आणि परत आला नाही, तर हायड्रोलाइज्ड (बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचा मास्क चार-सहा आठवड्यांतून एकदा, फक्त सरळ भागाला. न ताणता काडीसारखा मोडला तर प्रथिन थांबवा, कंडिशनर वाढवा.

जास्वंदी

खूपच उपयोगी, आभार. सांध्याच्या वर धरून सोडवायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन उपप्रश्न. जवसाचं जेल घरी करते, पण गाळलं जात नाही आणि वाळल्यावर पांढरे कण दिसतात. आणि महिन्यातून एकदा मेंदी लावते, ती चालू ठेवू का?

फणी-करंडा

गाळलं जात नाही कारण तुम्ही ते गार होऊ देता. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत सात-आठ मिनिटं. पळीवरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार पडली की लगेच बंद, आणि गरम असतानाच गाळणीतून ओता. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं. दाट झालंच तर अर्धी वाटी पाणी घालून पुन्हा गरम करा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं.

पांढरे कण बहुतेक कंडिशनर आणि जेल एकमेकांत न मिसळल्याचे. तळहातावर दोन्ही एकत्र चोळून बघा. दही फुटल्यासारखं झालं तर ती जोडी जमत नाही, फक्त कंडिशनर बदला. एकसंध राहिलं, तरी कण पडत असतील, तर जेल जास्त होतंय. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ग्लिसरीनचं जेल केस फुगवतं, जवसाचं त्या मानाने बरं.

तिरफळ

शुद्ध मेंदीने केस तुटत नाही, पण ती केसावर चढते, वजन वाढतं आणि कुरळ्यांचं वळण सैल दिसायला लागतं. नवं वळण कसं आहे ते कळेपर्यंत थांबलेलं बरं. आधीच सांगते, आत्ताचा १० सेंमी भाग खालच्या ओझ्याने ताणलेला आहे, खरं वळण कापल्यावरच दिसेल. पांढऱ्या केसांसाठी लावत असाल तर फक्त मुळांना, आणि पुड्यावरचे घटक वाचून. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेकदा पीपीडी हा ॲलर्जी आणू शकणारा रासायनिक रंग असतो. कानामागे थोडी लावून ४८ तास थांबा, खाज किंवा पुरळ आलं तर तो पुडा टाकून द्या.