वडिलांच्या वकिलीच्या १४६ फायली, आणि काहींवर लाल पेनाने 'वा.'

जिन्याखालचं_ऑफिस:

नमस्कार. वकील मंडळींना आणि ज्यांनी कामगार कोर्टाचे उंबरे झिजवलेत त्यांना विचारायचंय.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, फेब्रुवारीत गेले. ३८ वर्षं वकिली केली, सगळी कामगारांच्या बाजूने. पिंपरी, भोसरी, चाकण. त्याआधी स्वतः टर्नर होते. पहिली पाळी करायची आणि संध्याकाळी एलएल.बी.च्या वर्गाला जायचं, असं तीन वर्षं. गळ्यात तुळशीची माळ, काळा कोट स्कूटरच्या डिकीत घडी करून. कोटाला कायम पेट्रोलचा वास. आई त्यावरून बोलायची.

ऑफिस म्हणजे घराच्या जिन्याखालची खोली. संध्याकाळी सात वाजता हरिपाठ. तेव्हा कुणी पक्षकार आला तर त्याच्याही हातात टाळ. एकदा एक मुसलमान फिटर आले होते, तेही शेवटपर्यंत ठेका धरून बसले आणि मग म्हणाले, "साहेब, माझी तारीख?"

आता त्या खोलीत दोन लोखंडी कपाटं आणि १४६ फायली आहेत. आईला खोली भाड्याने द्यायचीय. भाऊ म्हणतो, रद्दीवाल्याला बोलव. मी एक फाईल उघडली तर आत एका माणसाचं १९८७ चं नेमणूकपत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत. हजेरी कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं मूळ. रद्दीवाल्याला फोन करायला हात धजला नाही. मी बँकेत आहे, मोजदाद जमते, कायदा कळत नाही. यांचं करायचं काय?

दुसरं. ४१ फायलींच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने 'वा.' लिहिलंय. मला वाटतं 'वारी'. अण्णा दर वर्षी एकच दिवस माउलींच्या पालखीबरोबर चालायचे. ज्येष्ठ वद्य एकादशी, पुण्यातून दिवे घाट चढून सासवड. रात्री एसटीने परत, दुसऱ्या दिवशी फोड आलेल्या पायांनी कोर्टात. कोर्टाची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात आणि वारी नेमकी त्यानंतर, म्हणून एकच दिवस. माझा अकरावी प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस त्याच एकादशीला आला होता. आई आणि मी रांगेत, अण्णा दिवे घाटात. मी ते विसरलेले नाही. आता या ४१ फायली बघून वाटतं, वारीसाठी लोकांच्या तारखाही पुढे ढकलल्या की काय? तसं असेल तर मला कळलेलं बरं.

आम्ही_आपले_वकील:

ताई, आधी कामाचं. रद्दीत काहीही घालू नका. फाईल वकिलाची असली तरी आतली मूळ कागदपत्रं पक्षकाराची.

वकील वारले की त्यांचं वकीलपत्र तिथेच संपतं. त्यामुळे नव्या वकिलाला कुणाची 'ना हरकत' लागत नाही, थेट नवं वकीलपत्र दाखल करता येतं. पण पक्षकाराला हे कळायला हवं. नाहीतर तो बिचारा 'साहेब बघतायत' म्हणून घरी बसेल आणि प्रकरण गैरहजेरीत निकाली निघेल.

तर आधी चालू आणि संपलेली अशी विभागणी करा. पुठ्ठ्यावर 'युएलपी' असेल तर ती महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखालची अनुचित प्रथेची तक्रार. 'आयडीए', म्हणजे औद्योगिक विवाद कायदा, असेल तर बहुतेक कलम ३३-सी(२), म्हणजे थकलेल्या पैशाच्या वसुलीचा अर्ज. नंबर आणि साल घेऊन कोर्टातल्या शिरस्तेदारांकडे जा, पुढची तारीख सांगतील. आता नव्या कामगार संहिता आल्यात, पण तुमच्याकडची प्रकरणं जुन्या कायद्यांखाली दाखल झालेली असणार.

'वा.' चं मला माहीत नाही. आमच्यात तसं काही लिहायची रीत नाही.

स्पष्टवक्ता_७२:

वडिलांना नमस्कार, पण एक बोलतो. फुकटात केस लढणारे वकील ती घरच्यांच्या खिशातून लढतात. माझे सासरे असेच. देवळात अन्नदान, घरी उधारीचं वाण्याचं बिल. तुमच्या आईंनी काय सोसलं तेही लिहा की.

जिन्याखालचं_ऑफिस:

@स्पष्टवक्ता, फुकट नव्हतं. फी ठरलेली असायची, फक्त केव्हा द्यायची ते ठरलेलं नसायचं. एका माणसाने गव्हाचं पोतं आणलं होतं, ते आईने वजन करून घेतलं. कमी भरलं. घर आईच्या शिवणावर चाललं, तिला विचारलंत तर ती शिव्या घालून सांगेल. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र अण्णांना स्वतः करायला लागायची, हा तिचा सूड.

टाईम_ऑफिस_निवृत्त:

ताई, तुम्ही कुणाच्या कन्या ते पेट्रोलच्या वासावरून ओळखलं. नाव इथे घेत नाही. मी १९९२ पासून आमच्या युनियनचा कार्यकर्ता, वकीलसाहेबांकडे आमचे ३७ जण होते. सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नेमणूक, म्हणजे सलग नोकरी धरायला लागणारे २४० दिवस भरायलाच नकोत. असं सहा-सात वर्षं. तुम्हाला सापडलेलं १९८७ चं पत्र बहुधा त्यातलंच. माणूस तात्पुरता नाही हे दाखवायला पहिलं पत्र लागतं, म्हणून साहेब ते प्लॅस्टिकमध्ये घालायचे.

'वा.' म्हणजे वारी नाही, ताई. वारस.

केस चालू असताना कामगार वारला की साहेब त्या दिवशी पुठ्ठ्यावर लाल पेनाने 'वा.' लिहायचे. म्हणजे आता त्याची बायको-मुलं रेकॉर्डवर आणायची. आमच्या ३७ जणांतले ९ निकालाआधीच गेले. मर्तिकाच्या घरी साहेब तेराव्यानंतर जायचे. मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स मागायची म्हणजे त्यांना फार जड जायचं. एकदा मी बरोबर होतो. दाराबाहेर पाच मिनिटं नुसते उभे राहिले, ओठ हलत होते.

आणि तारखांचं. एकादशीच्या दिवशी ते कुणाचंच प्रकरण लावून घ्यायचे नाहीत, ते सहा महिने आधी डायरीत खोडून ठेवलेलं असायचं. लागलेली तारीख त्यांनी वारीसाठी पुढे ढकललेली मी पाहिलेली नाही. उलट आमच्या करारात पालखीच्या दिवसाची भरपगारी सुट्टी त्यांनी घालायला लावली. व्यवस्थापन म्हणालं, कारखान्यात देवधर्म कशाला? साहेब म्हणाले, रविवारची सुट्टी कशी मिळाली ते वाचा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. १० जून १८९० ला मिळाली ती सुट्टी. समोरच्या साहेबांचं कुलदैवत जेजुरीच निघालं. सही झाली.

आम्ही_आपले_वकील:

वारस! हे सुचायला हवं होतं मला.

मग ताई, क्रम बदला. त्या ४१ आधी उघडा. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १०(८) प्रमाणे कामगार वारला म्हणून चालू विवाद संपत नाही. मेलेल्या माणसाला कामावर परत घेता येत नाही हे खरं, पण मृत्यूपर्यंतचा थकीत पगार मंजूर झाला तर तो वारसांना मिळतो. उपदानही, म्हणजे ग्रॅच्युइटी. हिशोब सोपा आहे, तुम्ही बँकेतल्या: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पगार १३,००० आणि नोकरी २२ वर्षं धरली तर १,६५,००० होतात. उशीर केला तर मालकाला वर व्याज द्यावं लागतं. यात एखाद्या घरात वारसांचा अर्जच झालेला नसेल, तर तिथे आधी पोचा. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण जितका उशीर तितकं उत्तर देणं अवघड.

आणि कुणी टक्केवारीवर केस घेतो म्हणाला तर त्याला फाईल देऊ नका. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. निम्म्या पक्षकारांना हे माहीतच नसतं.

जिन्याखालचं_ऑफिस:

उशिरा लिहितेय. टाईम-ऑफिसवाले काका दोन रविवार घरी आले, आम्ही ४१ च्या ४१ उघडल्या. २६ मध्ये वारस रेकॉर्डवर आहेत. १० निकाली निघाल्यात, पैसे मिळाल्याच्या पावत्या आत आहेत. राहिल्या ५. त्यात अर्जाचा मसुदा अण्णांच्या अक्षरात लिहिलेला, नावाची जागा कोरी. सगळ्या गेल्या दीड वर्षातल्या. तेव्हा त्यांचं डायलिसिस चालू होतं आणि जिना उतरवत नव्हता.

आईला 'वा.' चा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, मला कुणी विचारलंच नाही." भाडेकरूला तिने दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय.

पाचांपैकी दोन घरी फोन लागला. दोघींनीही आधी अण्णांची तब्येत विचारली. तीन नंबर बंद आहेत. भोसरीच्या जुन्या पत्त्यावर आता सहा मजली इमारत उभी आहे. तिथली जुनी बिऱ्हाडं कुठे गेली हे इथे कुणाला माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, नावं इथे लिहीत नाही. पुढच्या शनिवारी मी आणि काका पुन्हा जाणार आहोत.