म्हणे सुट्टं दूध बंद करा!

म्हशीमागचा: काल इथे एकाने लिहिलं, "कॅन घेऊन फिरणारे सगळे भेसळखोर, शहरात सुट्ट्या दुधावर सरसकट बंदी घाला." डोकं फिरलं वाचून. घरी तीन म्हशी आहेत, वडील चाळीस वर्षं रतीब घालतायत, पहाटे साडेतीनला उठून. अहो कायदा आहेच की! २०११ पासून नोंदणी लागते, वर्षाला १०० रुपये, ती आम्ही केलीय. गंमत अशी की सहकारी दूध सोसायटीच्या सभासदाने सगळंच्या सगळं दूध सोसायटीला घातलं तर त्याला नोंदणी माफ, पण त्यातलंच दोन लिटर शेजारच्या मास्तरांना दिलं की तो लगेच धंदेवाला. आणि भेसळीचं म्हणाल तर एफएसएसएआयनेच, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच, २०१८ ला देशभरातून ६,४३२ नमुने तपासले, त्यात भेसळीचे निघाले १२. बारा! अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, ते तर कच्च्यापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त सापडलं. मग घाला पिशवीवर बंदी.

मीठभाकर: सर्व्हे सांगायचा तर पूर्ण सांगा ना दादा. त्याच तपासणीत साधारण ४१ टक्के नमुने दर्जाच्या कुठल्या ना कुठल्या निकषात नापास होते, ते बरं गाळलंत. आणि प्रश्न फक्त पाण्याचा नाही. माझे दीर गावी गोठ्यात उभं राहून धारोष्ण दूध प्यायचे, ताकद येते म्हणून. ताप यायचा जायचा, सांधे धरायचे, पाच महिने मलेरिया म्हण टायफॉइड म्हण, शेवटी निघाला ब्रुसेलोसिस, जनावरांकडून माणसाला होणारा आजार. गाय दिसायला ठणठणीत होती. तुमच्या १०० रुपयांच्या कागदाने गाय तपासली जाते का?

म्हशीमागचा: ताई, धारोष्ण पिणाऱ्याला कोण काय करणार! आमची गिऱ्हाइकं तीन उकळ्या काढतात.

मीठभाकर: उकळून जंतू मरतात, अँटिबायोटिक आणि अफ्लाटॉक्सिन नाही जात. आत्ताच तुम्ही त्या शब्दावर उड्या मारत होतात.

कासेगावकर: तुमचं शहराचं चालू द्या, पण कायदा कायदा करताय म्हणून विचारतो, आमच्या फॅट-एसएनएफचा, म्हणजे दुधातली स्निग्धता आणि ती सोडून उरलेले घनपदार्थ, ज्यावर आमचा दर ठरतो, त्याचा कायदा कुठाय? जुलै २०२३ ला सरकारने ३.५ फॅट-८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला लिटरला ३४ रुपये जाहीर केले, आमच्या संकलन केंद्रावर ते फळ्यावरसुद्धा आले नाहीत. एसएनएफ ८.४ लागला की रुपया कट, ८.३ लागला की दोन. मशीन त्यांचं, काटा त्यांचा, पावती त्यांची. तेच दूध बायकोने तासाभराने दुसऱ्या केंद्रावर नेलं तर ८.६! गाय तीच, चारा तोच. गिऱ्हाइकाच्या दुधात पाणी घातलं तर दंड, आणि आमचं दूध कागदावर पातळ केलं तर?

निव्वळवाचक: भाऊ, विषय सुट्ट्या दुधाचा आहे.

कासेगावकर: हाच विषय आहे! दर मिळाला असता तर कोण कशाला दारोदार कॅन घेऊन फिरला असता? २०२४ ला लिटरला ५ रुपये अनुदान दिलं, त्यालाही गायीच्या कानात बिल्ला पाहिजे, बिल्ल्याचा नंबर ऑनलाइन पाहिजे. निम्म्या गावाच्या गायी कागदावर जन्मल्याच नव्हत्या.

निव्वळवाचक: आणि मग आंदोलन म्हणून रस्त्यावर दूध ओतायचं. लहान पोरांच्या तोंडचं. तेव्हा नाही आठवत नासाडी.

कासेगावकर: तुमच्या पगारातून दर दहा दिवसाला "पातळ काम" म्हणून दोन रुपये कापले तर तुम्ही काय ओताल ते कळवा.

जर्सीसिटीकर: मध्येच बोलतो, राग नको. आमच्या न्यू जर्सीत कच्चं दूध विकायलाच बंदी, नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात परमिटवाल्या फार्मवर उघड मिळतं. विकण्यासाठी राज्याबाहेर न्यायचं नाही हा फेडरल नियम १९८७ चा. आम्ही काही मराठी घरं गाडी काढून जायचो, खरवसाच्या आशेने. चीक मागितला तर शेतकरी म्हणाला तो वासराचा, विकत नाही! २०२४ ला गायींमध्ये बर्ड फ्लू निघाला तेव्हा बायकोने तेही बंद केलं.

कासेगावकर: आले साहेब. तिकडचं फॅट किती लागतं?

मीठभाकर: हसू नका, निदान तिथे परमिट देताना गोठा तरी बघतात. आमच्याकडे एक भय्या यायचा, रंगाच्या डब्यात दूध, वरून बर्फाची लादी फोडून टाकलेली. त्या बर्फाचं पाणी कुठलं ते देव जाणे. चार अंशाला थंड ठेवायचं ते असं का?

म्हशीमागचा: बर्फाचं मान्य. डब्याचंही मान्य, ते बंदच व्हायला पाहिजे. आमचा कॅन ॲल्युमिनियमचा आहे, पण हिंदकळू नये म्हणून तोंडाला पेंढा लावतो, आजोबांपासून लावतो. आता त्यालाही तुम्ही काहीतरी म्हणणार.

मीठभाकर: पेंढा?! दुधात??

म्हशीमागचा: तोंडाला म्हटलं मी. बरं, घेतो रबराचं झाकण, झालं समाधान? पण बंदीला आमचा विरोध तो विरोधच.

मीठभाकर: नुसती बंदी नको, हे मीही म्हणेन. पण आधी गोठा तपासा, जनावरांची लस दाखवा, मग फिरा. आणि साय पिशवीच्या दुधाला तशी येत नाही हे खरंय, तेवढं तुमचं.

कासेगावकर: आज संध्याकाळची पावती. फॅट ३.६, एसएनएफ ८.२. चालू द्या तुमचं.