पशुखाद्यात हाडं-रक्ताची भुकटी : गोणीवर स्पष्ट छापणं सक्तीचं करा

अमळनेरचा_गोठा : सरकी ढेप महागली की आपल्याकडे सगळे गोळी पेंडेवर (कारखान्यात बनवलेलं गोळीचं पशुखाद्य) येतात. माझ्याकडच्या गोणीवर प्रोटीन किती, फॅट किती, फायबर किती सगळं छापलंय, पण ते प्रोटीन आलं कशातून ते नाही. एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियम आहे की दुभत्या जनावरांना गाय-डुक्कर वर्गाचं मांस, हाडांची भुकटी, रक्त, आतडी असलेलं खाद्य द्यायचं नाही, फक्त दुधाचे पदार्थ चालतात. कोंबडी, डुक्कर, मासे यांना सूट. मग गोणी वाचून मला कळायला नको का आत काय आहे ते? कुठल्या प्राण्याचं काय घातलंय ते मराठीत मोठ्या अक्षरात छापा आणि नमुने काढून तपासा.

नवापूर_पोल्ट्री : भाऊ, आम्हाला यात ओढू नका. 2006 ला बर्ड फ्लूत इथं लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, त्यातून लोक कसेबसे उभे राहिले. 2021 ला सोयापेंड इतकी भडकली की सरकारला 12 लाख टन जीएम (जनुक बदललेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायची परवानगी द्यावी लागली. अशा वेळी मासळीची नाहीतर हाडा-मांसाची भुकटी हाच आधार असतो. आणि कत्तलखान्याचा माल शिजवून वापरला नाही तर जाणार कुठं, नाल्यातच ना?

अमळनेरचा_गोठा : तुमच्या कोंबड्यांबद्दल माझी तक्रारच नाही. भीती आहे ती एकाच मिलमध्ये दोन्ही खाद्यं बनतात त्याची. ब्रिटनमध्ये 1986 ला मॅड काऊ हा गाईंच्या मेंदूचा जीवघेणा रोग सापडला, 1988 ला गाईंना अशी भुकटी घालायला बंदी आली, तरी त्यानंतर जन्मलेल्या हजारो गाईंना तो झालाच, कारण कोंबडी-डुकरांच्या खाद्याचा अंश गाईंच्या खाद्यात मिसळत राहिला. हा रोग करणारा प्रिऑन, म्हणजे बिघडलेलं प्रोटीन, साध्या शिजवण्याने मरत नाही. पुढे अशा गाईंच्या मांसातून रोग लागून माणसंही गेली, एकट्या ब्रिटनमध्ये पावणेदोनशेच्या वर.

धुळेकर_आप्पा : पण आपल्याकडे तो रोगच नाही ना, जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही भारताला नगण्य धोक्याच्या यादीत ठेवलंय. नवीन छपाई, नवीन तपासणी, सगळा खर्च शेवटी गोणीच्या भावातच येणार आणि दुधाला दर आधीच परवडत नाही. शहाद्याचा दोन म्हशीवाला काय करणार?

पशुसेवा_जळगाव : आप्पा, प्रश्न एकट्या मॅड काऊचा नाहीये. उन्हाळ्यात ढोरं उकिरड्यावरची हाडं, चपला चघळताना दिसतात ना, ती फॉस्फरसची कमतरता असते. मग कोणीतरी स्वस्तातली हाडांची भुकटी आणून देतं, आणि ती नीट निर्जंतुक केलेली नसेल तर फाशी रोगाचे (अँथ्रॅक्स) जंतू त्यातून थेट दावणीत येतात. खडकातल्या फॉस्फेटपासून बनवलेलं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरस देणारी भुकटी) मिळतं, मिनरल मिक्स्चर घेताना तेच आहे का विचारा. पण दुकानदारालाच माहीत नसतं, म्हणून छापलेलं पाहिजे. नगण्य धोक्याचा दर्जाही नियम पाळला तरच टिकतो.

नवापूर_पोल्ट्री : छापायला ना नाही. पण वेगळी मिल बांधा म्हणाल तर छोटे कारखाने बंद पडतील, एकच मिक्सर असतो हो. कोंबडीचा माल काढल्यावर मक्याचा भरडा फिरवून मशीन साफ करायचं आणि मगच पेंडेचा माल घ्यायचा, एवढं बंधन घाला, ते जमेल.

अमळनेरचा_गोठा : चालेल, पण तो फिरवलेला भरडा परत कोंबडीच्याच खाद्यात गेला पाहिजे, पेंडेत नाही. आणि कुठल्या दिवशी काय काढलं त्याचं रजिस्टर मिलमध्ये पाहिजे, मागितलं की दाखवायचं.