शेपूट 'वापर नाही म्हणून' गेलं नाही

वापर थांबला म्हणून कपींचं (गिबन, गोरिला, चिंपांझी, माणूस यांच्या गटाचं) शेपूट पिढ्यान्‌पिढ्या झिजत गेलं, असं म्हणतात, ते पटत नाही. तसं झिजणं वारशाने उतरत नाही. त्याला डीएनएच बदलावा लागतो. आणि तो बदल सापडलाय! शेपटीच्या वाढीत भाग घेणाऱ्या टीबीएक्सटी जनुकात सुमारे ३०० अक्षरांचा 'आलू' तुकडा (स्वतःच्या नकला डीएनएत इतरत्र घुसवणारा तुकडा) घुसला. जनुकाची आरएनए नक्कल बनते तेव्हा शेजारच्या, उलट्या दिशेने बसलेल्या आलूशी तो जुळतो, आणि मधला सहावा एक्झॉन (प्रथिनाच्या कृतीचा एक भाग) वळशात अडकून गळतो. गिबनपासून माणसापर्यंत सगळ्यांत हा तुकडा आहे, इतर माकडांत नाही. २०२४च्या शोधनिबंधात उंदरांमध्ये जनुकाचं तसंच एक्झॉन गळलेलं रूप घडवलं, तेव्हा शेपट्या आखूड झाल्या किंवा आल्याच नाहीत. काहींच्या मज्जारज्जूत दोषही निघाले.

जीवाश्मांत बघायचं तर व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावरचा एकेम्बो हा प्राचीन कपी, सुमारे १.८ कोटी वर्षांपूर्वीचा: शेपूट नाही, पण चाल फांद्यांवरून चार पायांची. म्हणजे शेपूट आधी गेलं, फांद्यांना लटकण्याजोगे खांदे नंतरच्या काळात आले.