हंगर गेम्स: पुस्तकातलं काय गाळलं आणि त्याने पुढे काय अडलं? (स्पॉयलर आहेत)

कोरा_कागद
सुझान कॉलिन्सची मूळ तिन्ही पुस्तकं (जिल्ह्याजिल्ह्यातून निवडलेल्या मुलांना रिंगणात एकमेकांना ठार मारायला लावणाऱ्या खेळाची गोष्ट) वाचून झाली, आता चारही चित्रपट ओळीने बघायला घेतलेत. पहिला (२०१२) झाला. १४२ मिनिटांत सगळं मावणार नाही, हे मान्य. पण नायिका कॅटनिसची मैत्रीण मॅज गायब, तिच्याच जिल्ह्यातल्या पीटाचा पुस्तकात जाणारा पाय शाबूत, रिंगणातली तिची छोटी सोबतीण रू गेल्यावर येणारा पाव नाही. यातलं काय नुसतं वेळेपायी छाटलंय आणि कशाने पुढच्या भागांत खरंच अडतं? ‘पुस्तकच भारी’ एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते ठाऊक आहे.

उंबरठा
पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशोब धरतात. पुस्तक पावणेचारशे पानांचं, त्यामुळे कात्री लागणारच. पण खरी पंचाईत पानांची नाही, ‘मी’ची आहे. अख्खं पुस्तक कॅटनिसच्या डोक्यात घडतं, तेही वर्तमानकाळात. चित्रपटाने निवेदन टाळलं आणि त्याऐवजी दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे खेळ चालवणाऱ्यांची कंट्रोल रूम आणि त्यांचा प्रमुख सेनेका क्रेन आणि राष्ट्राध्यक्ष स्नो यांचे प्रसंग. पुस्तकात हे असूच शकत नाही, कारण कॅटनिस तिथे नसते. हे फार चांगलं जमलंय.

दुसरी गोष्ट मात्र फसली. तिचा मार्गदर्शक हेमिच बाहेरून पॅराशूटने रिंगणात मदत पाठवू शकतो, पण पुस्तकात तो तिला एक अक्षरही लिहून पाठवत नाही. तहानेने जीव जायची वेळ येते तरी पाणी येत नाही, त्यावरून ती ताडते की पाणी जवळपासच असणार. गुहेत पीटाचा मुका घेतल्यावर लगेच गरम रस्सा येतो, त्यावरून तिला कळतं की खेळ बघणाऱ्यांत काय खपतंय. दोघांचं हे न बोलता चाललेलं बोलणं म्हणजेच त्यांचं नातं. चित्रपटात हेमिच पॅराशूटसोबत चक्क चिठ्ठ्या पाठवतो. प्रेक्षकाला कळतं, पण कॅटनिसची हुशारी जाते. आणि गुहेतलं प्रेम किती खरं, किती नाटक, हा पुस्तकाचा गाभाच पातळ होतो.

जुनी_पेठ
तुमच्या यादीतला पाव मला सगळ्यात जास्त लागला. काळपट धान्याचा, चंद्रकोरीच्या आकाराचा, वर बिया लावलेला छोटा पाव. रूच्या अकराव्या जिल्ह्याने स्वतः अर्धपोटी राहून दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला पाठवलेला. चित्रपटात त्या जागी कॅटनिस कॅमेऱ्याकडे बघून तीन बोटं उंचावते आणि थेट अकराव्या जिल्ह्यात दंगल पेटते. बघायला जबरदस्त. पण बंड इतक्या लवकर पेटलं की दुसऱ्या भागात तिला अकराव्या जिल्ह्यात पोचल्यावर बसणारा धक्का आपल्याला बसत नाही, आपण आधीच बघून बसलेलो असतो.

मॅजचं प्रकरण वेगळं. पुस्तकात कॅटनिसला मॉकिंगजे पक्ष्याची पिन तीच देते. दुसऱ्या पुस्तकात कळतं की ती पिन मॅजच्या मावशीची, मेसिली डॉनरची. ही मेसिली पन्नासाव्या खेळात मेली आणि तो खेळ जिंकला हेमिचने. म्हणजे पिनमुळे कॅटनिस आणि हेमिच आधीपासूनच बांधलेले. चित्रपटात पिन हॉब या काळ्या बाजारातली बाई फुकट देते, कॅटनिस ती धाकट्या बहिणीला, प्रिमला देते आणि प्रिम तिला परत करते. बहिणींचा धागा घट्ट झाला, हेमिचचा तुटला. चारही चित्रपटांत त्यावाचून काही अडत नाही. पण हेमिचच्या खेळावरची कादंबरी २०२५ साली आली, आणि तिच्यात मेसिली महत्त्वाची आहे. ती पडद्यावर आणताना हा जुना शॉर्टकट आडवा येणारच.

पीटाचा पाय जाण्याचा भाग वेळेपायी गाळला असं वाटत नाही. तेरा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र हवं असेल तर मुलांनी मुलांना मारण्याच्या गोष्टीत रक्त दाखवायला मर्यादा येतात. म्हणून तर सुरुवातीच्या कत्तलीत आवाज जवळजवळ बंद, हातातला हलता कॅमेरा आणि झटपट कट. एवढं करूनही ब्रिटनमध्ये सात सेकंद कापावे लागले.

कोरा_कागद
चिठ्ठ्यांचं लक्षातच आलं नव्हतं! मग असं विचारतो: गाळल्यामुळे अख्खी मालिका कोसळली, असं उदाहरण आहे का?

टाचणखुण
पर्सी जॅक्सन, म्हणजे ग्रीक देवाचा मुलगा असलेल्या पोराची मालिका. पुस्तकात पर्सी सुरुवातीला बारा वर्षांचा. तीन मोठ्या देवांपैकी एकाचं मूल सोळाचं झालं की काय होणार, याची भविष्यवाणी आहे आणि पाचही पुस्तकं त्या वाढदिवसाकडे सरकतात. २०१० च्या चित्रपटात त्याला थेट सोळाचा केला. घड्याळ सुरू व्हायच्या आधीच बंद! वर खलनायक टायटन क्रोनोस आणि युद्धदेव एरीस दोघांनाही काढलं, म्हणजे झ्यूसच्या वज्राच्या चोरीमागचं कारस्थानच गेलं. २०१३ च्या दुसऱ्या भागात मग भविष्यवाणीतलं वय वाढवून वीस केलं आणि क्रोनोसला मागच्या दाराने आत घेतलं. तिसरा निघालाच नाही. २०२३ च्या मालिकेत पर्सी पुन्हा बारा वर्षांचा आहे.

हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात (२००४) याचंच छोटं रूप दिसतं. शाळेचा जादूचा नकाशा हॅरीच्या वडिलांनी मित्रांसोबत बनवला आणि ते हरणाचं रूप घ्यायचे, हे सांगितलंच नाही, त्यामुळे हॅरीचा पॅट्रोनस (जादूने उमटणारा रक्षक प्राणी) हरीणच का, हे पुस्तक न वाचलेल्याला कळत नाही. चित्रपट म्हणून तरीही तोच सगळ्यात देखणा, हे माझं मत आणि मी त्यावर भांडायला तयार आहे.

वय बदललं की बिघडतंच असंही नाही म्हणा. आपल्याकडे २०१७ साली फास्टर फेणेला मोठा केला. पण भा. रां.च्या गोष्टी सुट्या सुट्या, त्यामुळे पुढच्या पुस्तकाचं काही देणं नव्हतं.

उंबरठा
+१. कोरा_कागद, दुसरा भाग (२०१३) शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघा. कॅटनिस नळीतून रिंगणात वर येते तिथे आयमॅक्स आवृत्तीत चौकट वरखाली उघडत जाते. शेवटचं पुस्तक दोन चित्रपटांत तोडलंय, १२३ आणि १३७ मिनिटं. ते दोन्ही एकाच दिवशी बघा. नुसता पहिला बघितलात तर पीटा तिचा गळा धरतो तिथे ताटावरून उठवल्यासारखं होतं.