तिथीशेजारी चंद्राची कोर कोडनं कशी काढायची?

पेठकर:
आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या वेबपानावर रोजच्या तिथीशेजारी त्या दिवसाचा चंद्र दाखवायचाय. तयार चित्रं नकोत, एसव्हीजीत (वेबपानावर कोडनं चित्र काढायची पद्धत) कोडनंच आकार यायला पाहिजे. सगळे एकच युक्ती सांगतात: पांढऱ्या वर्तुळावर काळं वर्तुळ सरकवा. पण त्यात अष्टमीचा अर्धा चंद्र सरळ कापलेला येतच नाही. संकष्टीला बायका चंद्रोदयाची वेळ बघायला या पानावर येतात. त्यांना आकाशात दिसतो तोच चंद्र इथं दिसावा. बरोबर पद्धत कुठली?

रंकाळाकाठ:
भावा, दोन वर्तुळांनी ग्रहणाचं चित्र होतं, चंद्रकलेचं नाही. उजेड-अंधाराची सीमा म्हणजे गोलावरचं वर्तुळच, पण आपण ते तिरकं बघतो, म्हणून ते अर्धं लंबवर्तुळ दिसतं. चंद्र-सूर्यातलं अंतर अंशांत घे (अमावास्या ०, पौर्णिमा १८०, एक तिथी १२ अंशांची). लंबवर्तुळाची आडवी त्रिज्या = चंद्राची त्रिज्या × त्या कोनाचा कोसाइन, चिन्ह सोडून.

शुक्ल पक्षात पाथ (आकाराची बाह्यरेषा) असा: वरच्या टोकापासून उजव्या कडेनं खाली, स्वीप १ (म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं; ० म्हणजे उलट). तिथून लंबवर्तुळावरून परत वर: ९० अंशांच्या आत स्वीप ०, पुढं १. बरोबर ९० ला त्रिज्या शून्य होते, आणि शून्य त्रिज्येचा आर्क (कमान) एसव्हीजी आपोआप सरळ रेघ म्हणून काढतं. तुझी अष्टमी तिथंच सुटली! कृष्ण पक्षात हाच आकार आडवा उलटव.

पेठकर:
जमलं, लै भारी! कोन मात्र ६ जानेवारी २०००, १८:१४ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) अमावास्येपासून २९.५३०५८८ दिवसांच्या हिशेबानं काढतोय. चालेल?

रंकाळाकाठ:
चित्राला चालेल, तिथीला नाही. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, सरासरीनं अर्ध्या दिवसाचा फरक सहज पडतो. तिथी पंचांगाचीच घे. आणि आणखी एक, हे मला फार जवळचं आहे: कोर उभी ठेवू नकोस. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. फेब्रुवारी-मार्चात संध्याकाळी रंकाळ्यावरून पश्चिमेला बघ, कोर होडीसारखी जवळजवळ आडवी असते. परदेशी कोड-लायब्रऱ्यांतली उभी कोर आपल्या आभाळात क्वचितच दिसते. सगळा ग्रुप रोटेट कर.

दुर्बीणवाला:
हाच पाथ शुक्रालाही चालतो. फक्त कोन ग्रहापाशी मोजायचा, सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधला, आणि लंबवर्तुळाचा स्वीप उलटा घ्यायचा (९० च्या आत १, पुढं ०); उजळ भाग = (१ + कोसाइन) ÷ २. आकारही बदला: शुक्र लांब असताना १० विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास असतो, कोर होऊन जवळ येतो तेव्हा ६० च्या घरात. मंगळाचा उजळ भाग ८४ टक्क्यांच्या खाली फारसा जात नाही, गुरूला नुसतं वर्तुळ पुरे.

पेठकर, चंद्रोदयाला रेखांश ७४.२ घातलाय ना? नुसत्या रेखांशानं नागपूर आणि कोल्हापूर यांच्यात जवळपास २० मिनिटांचा फरक पडतो, आणि तेवढा वेळ उपाशी माणूस गच्चीवर ताटकळतो.